अंगारकीचे बोंबील

माझ्या दुकानाच्या पाटीवर एक बोंबील काळा चष्मा लावून हसतो. चष्म्याची कल्पना आमच्या ह्यांची. मी तेव्हाच म्हटलं होतं, बोंबील आधीच दात विचकून असतो, त्यात चष्मा कशाला, गुंड दिसेल. पण पोरांना आवडला. आता नागाव, किहीम, अलिबाग, मांडवा, सगळीकडे तोच गुंड हसतोय. मला कुठे कार्यक्रमाला बोलावलं की ओळख करून देतात, 'फास्ट फूड फ्रँचायझीच्या संस्थापिका.' हे ऐकलं की आमचे हे शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून हसतात. घरी दूध उतू गेलं तर संस्थापिका कुणाकुणाच्या नावाने शंख करते ते त्यांना माहीत आहे ना!

माझं माहेर मिठागराचं, सासर नागावचं, नारळी-पोफळीच्या वाडीचं. तोंड मात्र माहेरचंच राहिलं, खारट. सासूबाई म्हणायच्या, हिच्या बोलण्यावर वेगळं मीठ नको. वाडीत आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. मी जेवण करायची, हे टेम्पो चालवायचे. एकदा मुंबईहून एक कुटुंब आलं. त्यांच्या पोराने जेवणाच्या ताटासमोर भोकाड पसरलं. त्याला बर्गर हवा होता. आई समजावतेय, बाप दटावतोय, पोरगं काही ऐकेना. माझं डोकं फिरलं. मी पाव मधोमध फाडला, हिरवी चटणी फासली, तव्यावरून नुकताच काढलेला बोंबील आत ठेवला, वर कांदा, लिंबू, आणि त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, घे तुझा बर्गर. पोरगं गप्प झालं. खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणालं, अजून एक. मग त्याच्या आईनेही एक मागितला. संध्याकाळी शेजारच्या घरातले पाहुणे कुंपणावरून विचारायला लागले, इथे तो माशाचा बर्गर मिळतो का? अशी सुरू झाली माझी कंपनी, एका पोराच्या रडण्यातून.

बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. तो चिरून सपाट करायचा, फडक्यात गुंडाळायचा, वर पाटा ठेवायचा आणि त्याच्यातलं पाणी निघू द्यायचं. घाई केली की तेलात गळून पडतो. मग मसाला, तांदळाचं पीठ, आणि कढई. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोणी झाला पाहिजे. यात गुपित काही नाही, धीर लागतो फक्त. माझ्याकडे धीर बोंबलापुरताच आहे, माणसांपुरता नाही. म्हणून दुकानं वाढली तेव्हा मी ठरवलं होतं, घराबाहेरच्या कुणाला द्यायचं नाही. किहीमचं नणंदेला दिलं, अलिबागचं भावजयीला. त्यांना मी हक्काने ओरडू शकते. परक्याला ओरडलं की तो वकील आणतो.

आणि मग हा आला.

नागावच्या दुकानात भरदुपारी गर्दी होती. एक तिशी-पस्तिशीचा माणूस काउंटरला टेकून उभ्याने बोंबील-पाव खात होता आणि सारखा घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, लाँच पकडायची असेल. खाऊन झाल्यावर हात पुसत जवळ आला आणि म्हणाला, "ताई, बोंबील एक नंबर, माशाल्ला. दुकान मात्र खराब चालवता."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! हातात झारा होता. आमचे हे लगेच मध्ये येऊन उभे राहिले, झाऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये.

"काय खराब दिसलं रे तुला?" मी म्हटलं.

"तुम्ही एक पाव देता आणि दोन गिऱ्हाइकांना ओरडता. ओरडण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात तीन पाव होतील," तो शांतपणे म्हणाला. "आणि एक बोंबील करपला, एक कच्चा निघाला. मला चांगला मिळाला, ते माझं नशीब."

त्याच्या मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. बोलता बोलता मग त्याची माहिती कळली. तो मांडव्याच्या अलीकडच्या गावातला. लग्न झाल्यापासून गल्फमध्ये, तिथल्या एका बर्गरच्या दुकानात. आधी भांडी घासली, मग तळणीवर उभा राहिला, आता किचन सांभाळत होता. कंपनी दोन वर्षांतून एकदा घरी सोडायची, तेव्हाही दोन महिन्यांसाठीच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, खिशातून एक टायमर काढला आणि माझ्या कढईशेजारी ठेवला. बोंबील टाकला की बटण दाबायचं, वेळ झाली की तो पीं-पीं वाजणार.

"अरे बाबा, बोंबील काय शिट्ट्या मारून तळतात?" मी म्हटलं.

"तुमच्या ओरडण्यापेक्षा बारीक आवाज आहे ना, ताई?"

आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आठवडाभर तो येत राहिला. मी टायमर फळीवर ठेवायची, तो परत कढईशेजारी आणायचा. शेवटी एक दिवस मी तळायला त्यालाच उभा केला आणि मुद्दाम गर्दीच्या वेळी बाजूला बसून बघितलं. एकही बोंबील करपला नाही, एकही कच्चा निघाला नाही आणि कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. दुकानात इतकी शांतता की मला करमेना.

त्याच संध्याकाळी त्याने विचारलं. मांडव्याच्या जेट्टीच्या रस्त्याला त्याच्या मामाचा एक गाळा बंद पडून होता. "ताई, तुमची फ्रँचायझी मला द्या. चाललं तर मी परत जाणार नाही. नाही चाललं तर जाईन. तिकीट काढलेलंच आहे."

मी सरळ नाही म्हणून सांगितलं. घराबाहेर देत नाही, संपला विषय. तो म्हणाला, एकदा घरी चहाला या, ह्यांनाही घेऊन या. चहाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून गेलो.

त्याच्या बायकोने चहा आणला, सोबत घरची नानकटाई. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात त्याची मुलगी आली. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. तिने चित्र काढलं होतं, होडीचं. ती बापासमोर आली आणि तिने तो कागद त्याच्या तोंडासमोर धरला. मांडीवर बसून नाही, शेजारी उभं राहूनही नाही. बरोबर समोर, हात लांब करून, कागद जरासा वर-खाली हलवत, दिसतंय ना नीट, असं विचारत. तो म्हणाला, दिसतंय, फार छान. मग तिने कागद खाली घेतला, हात हलवला आणि म्हणाली, "ठेवते हां अब्बा." आणि अंगणात पळाली.

आम्ही सगळे हसलो. तिची आई सांगायला लागली, काय करणार, जन्मल्यापासून बापाला मोबाईलवरच बघितलंय, समोर असला तरी असंच करते. झोपायला जाताना ठेवते, शाळेत जाताना ठेवते. तोही हसला. मग पाणी आणतो म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

माझी पोरं माझ्या पदराला धरून मोठी झाली. त्यांनी मला कंटाळा येईपर्यंत बघितलं, मी त्यांना. निरोप घ्यायचा असतो हे त्यांना शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर टेम्पोत मी खिडकीबाहेर बघत बसले. आमचे हे म्हणाले, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "गप्प बसा आणि गाडी वळवा." आम्ही वळलो, परत गेलो आणि मी दारातूनच ओरडून सांगितलं, "गाळा साफ करायला घे!"

मग नुसती धांदल. भिंती रंगवल्या, नव्या कोऱ्या कढया आल्या, त्याने तर चक्क दोन टायमर लावले. चष्मावाला बोंबील इतका मोठा करवून घेतला की लाँचमधूनच दिसावा. माझी एकच अट होती. कुठलंही नवीन दुकान मी मुहूर्त बघितल्याशिवाय उघडत नाही. तो म्हणाला, "बेशक. तुम्ही नारळ फोडा, मी फातेहा वाचतो. बरकत दोन्हीकडून येऊ दे." मी भटजींना फोन केला. म्हटलं, भटजी, परक्याचं पोर आहे, त्याचं नशीब आहे यात, असातसा दिवस नको, सगळ्यात उत्तम काढा. त्यांनी पंचांग चाळलं आणि म्हणाले, "बाई, मंगळवार घ्या. याच्यासारखा उत्तम दिवस नाही." मी खूश. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही. मंगळवारी आमच्याकडे मासा चालतो. फलक छापले, सगळ्या गावाला आमंत्रणं गेली. कोळिणीला बोंबील सांगितले, भरपूर, ताजे, पहाटेचे. त्याचं विमान त्याच्या पुढच्या मंगळवारी होतं. म्हणजे दुकानाच्या हातात एक आठवडा. आठवड्यात दुकानाने पाय रोवले तर तो राहणार, नाहीतर चालला परत, बर्गर भाजायला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरी स्वयंपाकघरात उभी होते. उद्याची सगळी तयारी मनात घोळत होती आणि हात आपापलं काम करत होते. डबा काढला, पातेल्यात ओतलं, दोनदा धुतलं, पाण्यात हात घातला. आणि तसाच हात पाण्यात थांबला.

मी साबुदाणा भिजवत होते.

साबुदाणा का भिजवत होते? उद्या उपास म्हणून. उपास कसला? अंगारकी! उद्या अंगारकी संकष्टी! साऱ्या अलिबाग तालुक्यात ज्या दिवशी कुणी मासळीकडे ढुंकून बघत नाही, त्या दिवशी मी बोंबलाचं दुकान उघडणार होते. आणि मी स्वतः, दर संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय घास न घेणारी बाई, स्वतःच्या हाताने साबुदाणा भिजवेपर्यंत मला हे सुचलं नव्हतं!

मी अशी किंचाळले की आमचे हे अंगणातून पळत आले. त्यांना वाटलं विंचू चावला. मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हो, अंगारकीच आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी असेल."

"आणि विचारायला काय झालं होतं?"

"तुला?" ते म्हणाले. "पाटीचा रंग भडक झालाय असं मी म्हणालो होतो, तेव्हा आठवडाभर मला भाकरी गार मिळाली होती."

नणंदेला फोन केला. तीही म्हणाली, वहिनी, आम्हाला वाटलं तुमचं काहीतरी ठरलं असेल. भावजयही तेच. एकाही माणसाची तोंड उघडायची हिंमत झाली नव्हती. मग मी भटजींना धरलं. "भटजी, माशाच्या दुकानाला अंगारकी काढून देता?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही उत्तम दिवस मागितलात. अंगारकीपेक्षा उत्तम दिवस कुठला? काय खायला घालणार ते तुम्ही विचारलंच नाहीत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजही माझं म्हणणं तेच आहे, चूक भटजींची. आमचे हे यावर फक्त खोकतात.

आता त्याला सांगणं भाग होतं. फोन लावला आणि म्हटलं, "भाई, उद्घाटन पुढे ढकलू या. उद्या अंगारकी आहे, कुणी बोंबील खाणार नाही. यानंतरचा मुहूर्त भटजी थेट पुढच्या मंगळवारचा सांगतात, तोच घेऊ."

तो म्हणाला, "ताई, पुढच्या मंगळवारी मी विमानात असेन."

त्या क्षणी मला ती पोरगी दिसली, हात लांब करून कागद हलवणारी. ढकललं तर त्याचा आठवडा गेला. नाही ढकललं तर पहिल्याच दिवशी दुकानात माश्यासुद्धा बसायच्या नाहीत आणि सगळं गाव सांगत सुटेल, याचं दुकान अपशकुनी. मला रडूच फुटलं. मी रडते आहे हे ऐकून तो जास्त घाबरला, कारण मला ओरडताना त्याने खूपदा ऐकलं होतं, रडताना कधीच नाही.

"ताई, थांबा जरा," तो म्हणाला. "उद्या सगळ्यांचा उपास असतो?"

"सगळ्यांचा! अर्धा तालुका उद्या पहाटेपासून मांडव्याला येईल, लाँच पकडून मुंबईला बाप्पाच्या दर्शनाला जायला. जेट्टीवर पाय ठेवायला जागा नसते."

"उपाशी पोटी?"

"मग काय! चहा आणि केळं."

तो हसला. मला फोनवर त्याचं हसणं ऐकू आलं. म्हणाला, "ताई, तिकडे रमजानचा महिना आला की आमचं बर्गरचं दुकान दिवसभर बंद. पहिल्या वर्षी मला वाटलं, आता धंदा बसला. पण मालकाने काय केलं, संध्याकाळच्या इफ्तारचे डबे काढले. खजूर, सूप, सामोसे. वर्षभरात होत नाही तेवढी गर्दी त्या महिन्यात व्हायची. उपास असतो ना, तेव्हा माणूस दिवसभर खाण्याचाच विचार करतो. तुमच्या उपासाला काय चालतं?"

माझ्यासमोर पातेल्यात साबुदाणा भिजत होता.

"पण भाई, दुकान मासळीचं. उपासवाली माणसं तिथे खातील?"

"ताई, दुकानात अजून एकही बोंबील शिजलेला नाही. कढया कोऱ्या आहेत, तेलाचे डबे उघडलेले नाहीत. उद्यापर्यंत ते तुमच्या देवघराइतकं शुद्ध आहे."

अगो बाई! मी डोळे पुसले आणि उभी राहिले. आमच्या ह्यांना टेम्पो काढायला लावला. अलिबागच्या बाजारातल्या गुजराती शेठने पोतं उचलताना विचारलं, "बेन, लगन छे के उपास?" मी म्हटलं, दोन्ही समजा. नणंदेला, भावजयीला फोन गेले, भिजवा, जेवढं पातेलं असेल तेवढं भिजवा. शेंगदाणे भाजले, बटाटे उकडले. कोळिणीचा फोन काही लागला नाही.

सकाळी आम्ही पोचलो तर ती दुकानासमोर टपांच्या मध्ये बसलेली. "काय गो बाय, अंगारकीला बोंबील? डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

"तुला माहीत होतं तर आणलेस कशाला?"

"तू आण म्हंगालीस, मी आणलं. तुला कोन उलट इचारनार?"

घ्या, हिलाही धाक! सगळे बोंबील टपांसकट त्याच्या घरी गेले, दुकानाच्या पायरीलाही न लागता. त्याच्या बायकोने मोहल्ल्यातल्या बायका गोळा केल्या आणि घराच्या मागच्या दारी चूल पेटवली. इकडे मी नारळ फोडला, त्याने डोळे मिटून हात पसरले आणि फातेहा वाचला. मग मी साबुदाणा मळायला घेतला.

जेट्टीवर खरोखर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं आमच्याकडे बघत होती, पाटीकडे बघत होती आणि पुढे जात होती. तेल तापलं होतं, वडे थापून तयार होते, पण पहिलं गिऱ्हाईक येईना. तो काउंटरमागे ताठ उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याची मुलगी स्टुलावर बसून पाय हलवत होती.

शेवटी एक नऊवारीतली आजी थांबली. दुर्वांची जुडी हातात, कपाळाला भला मोठा शेंदूर. तिने वास घेतला. "साबुदाण्याचा का? तेल कुठलं?"

"शेंगदाण्याचं, आजी. कढई कोरी आहे. या कढईने अजून मासा बघितलासुद्धा नाही."

आजीने बोट वर केलं. "आणि तो वरून बघतोय तो?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. चष्मा लावून तो गुंड दात काढून हसत होता. आजूबाजूला खसखस पिकली. माझा चेहरा पडला. पण आमचे हे भले टेम्पोकडे धावले आणि सीटवरची शाल घेऊन आले. कुठल्याशा सत्कारात मला मिळालेली शाल, ते कमरेला उशी म्हणून वापरायचे. स्टुलावर चढून त्यांनी ती शाल बोंबलाच्या तोंडावर टाकली.

"याचा पण उपास आहे का?" त्या पोरीने खणखणीत आवाजात विचारलं.

आजी इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. "व्हय गो बाय, त्याचापन उपास! दे, दोन वडे दे." तिने एक खाल्ला, डोळे मिटले आणि मागे वळून हाक मारली, "ए, इकडे या गो सगळ्या!"

मग जे झालं ते सांगायला मला आजही उभं राहावं लागतं. रांग रस्त्यापर्यंत गेली. लाँचचा भोंगा वाजला तरी माणसं हलेनात, म्हणाली, पुढची पकडू. साबुदाण्याचा वडा जरा ओला राहिला की तेलात फुटतो आणि अंगावर उडतो. मी सवयीने ओरडायला लागले तर तो म्हणाला, "ताई, ओरडायला टायमर आहे, तुम्ही फक्त थापा." मी थापत होते, नणंद थापत होती, दोन्ही टायमर आळीपाळीने वाजत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड वाटला. चव बघता बघता त्याने स्वतः इतके वडे खाल्ले की दुपारी म्हणाला, "ताई, तुमचे उपास फार भारी असतात."

तिकडे मोहल्ल्यात घराघरात तळलेले बोंबील पोचले होते. त्यांची माणसं संध्याकाळी दुकानात आली ती विचारत, उद्यापासून इथे रोज मिळणार ना? मुंबईहून दर्शन करून परत आलेली माणसं विचारत होती, शालीखाली काय आहे? उद्या या, मी सांगत होते, उद्या त्याचा उपास सुटणार आहे. चंद्र दिसला तेव्हा मी जेट्टीवरूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी शाल काढायला माणसं टाळ्या वाजवत उभी होती.

आठवडाभर मी त्याला तिकिटाचं काही विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईला तोंड बंद ठेवणं किती जड जातं ते आमच्या ह्यांना विचारा. विमानाचा मंगळवार उजाडला तशी मी उठून चटणीचा डबा घेतला आणि म्हटलं, मांडव्याला चटणी कमी पडली असेल. हे म्हणाले, कालच तर नेली. मी म्हटलं, गाडी काढा. दुकान दिसलं तेव्हा शटर वर होतं. तो कढईसमोर उभा होता, पाठमोरा. मी चटणी ठेवली, तो म्हणाला, "ताई, कालच तर दिलीत," आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

ती पोरगी मात्र बराच काळ तशीच वागत होती. दुकानात आली की वही त्याच्या तोंडासमोर धरायची, हात लांब करून. शाळेची बस पकडायला निघताना काउंटरपाशी थांबून हात हलवायची, "ठेवते हां अब्बा." तो रोज म्हणायचा, ठेव. मला वाटायचं, सवय आहे, जाईल. पण जाईना. तो हसायचा, पण बस वळेपर्यंत तिकडे बघत राहायचा.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. एका सकाळी मी मांडव्याला गेले होते. कढईत बोंबील सोडलेले, टायमर लावलेला. सुके बोंबील भिजवून केलेले, पावसाळ्याचे, मासेमारी बंद असण्याचे दिवस ते. ती पोरगी दप्तर आपटत आली, नवीन गणवेश, पुढचे दात आता आलेले. डबा उघडून बघितला, तोंड वाकडं केलं. "अब्बा! परत भेंडी? रोज रोज काय भेंडी!" डबा दप्तरात कोंबला, बापाच्या शर्टाला हात पुसले आणि रागारागाने बसमध्ये जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बस गेली.

तो तसाच उभा राहिला, झारा हातात धरून.

"ताई," तो म्हणाला, "ऐकलंत? ठेवते म्हणाली नाही."

"ऐकलं," मी म्हटलं. "आता ते बोंबील काढ, मेल्या. टायमर केव्हाचा वाजतोय."